बारा गोळ्या नेमक्या कुणी लिहून दिल्या?

एका वाचक भगिनींचे पत्र आले आहे. त्यांचे वडील ७६ वर्षांचे असून त्यांचे वजन ५२ किलो आहे. पंधरा वर्षांपासून त्यांना रक्तदाब आणि मधुमेह आहे, जोडीला गुडघेदुखी आणि वाढलेली प्रोस्टेट ग्रंथी. हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात कधी आलेला नाही. चार डॉक्टरांची मिळून बारा प्रकारची औषधे सध्या चालू आहेत. औषधांची यादी, कोणते साधारण कधी सुरू झाले याची नोंद आणि ताजे तपासणी अहवाल त्यांनी पत्रासोबत पाठवले आहेत. गेल्या दोन महिन्यांत वडिलांना रात्री उठताना दोनदा चक्कर आली आणि एकदा ते न्हाणीघराच्या दारात पडले. हाड मोडले नाही, डोक्याला मार लागला नाही. त्यानंतर त्यांच्या चष्म्याच्या डबीत न घेतलेल्या सात गोळ्या सापडल्या. "रक्तदाब आता १२४/७० असतो, एचबीए१सी (तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी) ६.२ आहे. सगळे नॉर्मल असताना इतक्या गोळ्या कशाला? निम्म्या गोळ्या महिनाभर बंद करून बघू का? भाऊ म्हणतो, डॉक्टरांनी दिल्यात म्हणजे विचार करूनच दिल्या असणार. विचारायला गेले तर डॉक्टरांना तो अविश्वास वाटेल," असे त्या लिहितात.

तुमच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो आणि मग कारणांकडे वळतो. स्वतःच्या मनाने, एकदम, निम्म्या गोळ्या बंद करू नका. मात्र या यादीतल्या काही गोळ्यांची गरज आता उरलेली नसावी आणि बाबांच्या पडण्यात त्यांचा हात असावा, ही तुमची शंका मला रास्त वाटते. मी बाबांना तपासलेले नाही, त्यामुळे पुढे जे लिहितो आहे ते त्यांच्या डॉक्टरांसमोर मांडण्याचे मुद्दे आहेत, तो औषध बदलण्याचा आदेश नाही. तरीही तुम्ही तारखांसकट दिलेली यादी इतकी बोलकी आहे की तिच्यावर सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटते, कारण जवळजवळ अशीच यादी अनेक वाचकांच्या घरात असणार.

तुमचे बंधू म्हणतात त्यात तथ्य आहे, पण ते अर्धेच आहे. फिजिशियननी सहा औषधे दिली: रक्तदाबासाठी अॅम्लोडिपिन आणि टेल्मिसार्टन, रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून अॅस्पिरिन, कोलेस्टेरॉलसाठी अॅटोर्व्हास्टॅटिन, लघवी वाढवणारे फ्युरोसेमाइड आणि झोपेसाठी क्लोनाझेपाम. मधुमेहतज्ज्ञांनी साखरेसाठी मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड, तसेच अॅसिडिटीसाठी रॅबेप्राझोल दिले. अस्थिरोगतज्ज्ञांनी गुडघ्यांसाठी अॅसिक्लोफेनॅक आणि त्याच्या जोडीला पॅन्टोप्राझोल दिले, तर मूत्ररोगतज्ज्ञांनी प्रोस्टेटसाठी टॅमसुलोसिन. प्रत्येकाने आपल्या समोरच्या तक्रारीचा विचार करूनच लिहिले, यात मला शंका नाही. पण बारा गोळ्या कुणीच लिहिलेल्या नाहीत. सहा, तीन, दोन आणि एक अशा चार चिठ्ठ्या आहेत आणि त्यांची बेरीज तुमच्या घरातल्या डब्यात झाली आहे. त्या बेरजेकडे आजवर फक्त तुम्ही पाहिले आहे. म्हणून तुम्हाला पडलेला प्रश्न म्हणजे डॉक्टरांवरचा अविश्वास नव्हे. जे काम चौघांपैकी कुणाच्याच वाट्याला आले नाही, ते तुम्ही सुरू केले आहे.

बेरीज कुणी केली नाही की काय होते, याचा सर्वांत साधा पुरावा यादीतच आहे. रॅबेप्राझोल आणि पॅन्टोप्राझोल ही एकाच गटातली, एकच काम करणारी औषधे आहेत. एक साखरेच्या चिठ्ठीतून आले, दुसरे गुडघ्याच्या. वेष्टणावरची व्यापारी नावे वेगळी, म्हणून कुणाच्या लक्षात आले नाही. दोन्ही घेऊन दुप्पट फायदा होत नाही. वेष्टणावर मोठ्या अक्षरांतल्या नावाखाली बारीक अक्षरांत मूळ औषधाचे नाव असते, ते वाचून यादी करण्याची सवय प्रत्येक घराने लावून घ्यावी, असे मला मनापासून वाटते.

आता 'इतक्या गोळ्या' या शब्दांबद्दल. पाच किंवा त्याहून अधिक औषधे नियमित चालू असली की त्याला बहुऔषधोपचार म्हणण्याची पद्धत आहे, पण हा आकडा केवळ सावध होण्यासाठी आहे. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या माणसाला चार-पाच औषधे लागतात आणि ती योग्यच असतात. उलट, दोनच गोळ्या घेणाऱ्या माणसाच्या त्या दोन गोळ्या एकमेकींशी न जुळणाऱ्या असू शकतात. त्यामुळे 'निम्म्या' हे माप मनातून काढून टाका. प्रत्येक गोळीला विचारायचा प्रश्न एकच आहे: तू कशासाठी आलीस आणि ते कारण अजून शिल्लक आहे का?

'सगळे नॉर्मल आहे, मग गोळी कशाला' हा तर्क मी रोज ऐकतो. रक्तदाबाची औषधे रक्तदाब बरा करत नाहीत, शरीरात असतील तोवर तो खाली ठेवतात. १२४ हा आकडा गोळ्यांसह आलेला आहे. अॅम्लोडिपिनच्या बाबतीत एक विशेष धोका असा, की त्याचे रक्तातले प्रमाण निम्म्यावर यायलाच ३० ते ५० तास लागतात. त्यामुळे गोळी थांबवल्यावर पहिले काही दिवस फारसे काही दिसत नाही, घरच्यांना वाटते की गोळीविना छान चालले आहे आणि पुढे दाब हळूहळू वर गेलेला कुणी मोजतही नाही. 'आता या वयात कशाला' हेही खरे नाही. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या हायव्हेट या अभ्यासात ८० वर्षांवरील ३,८४५ रुग्ण होते. ज्यांना रक्तदाबाचे औषध मिळाले त्यांच्यात एकूण मृत्यू २१ टक्क्यांनी कमी झाले. त्या अभ्यासातले उद्दिष्ट मात्र १५०/८० होते, हेही लक्षात ठेवा.

पण हे सांगत असतानाच तुमच्या शंकेची दुसरी बाजूही मांडायला हवी. १२४/७० हा दाब बाबा खुर्चीत बसलेले असताना मोजलेला आहे, आणि चक्कर येते ती रात्री अंथरुणातून उठताना. तेव्हा उठल्यावरचा दाब मोजा. बाबांना पाच मिनिटे आडवे राहू द्या, दाब मोजा, मग उभे करून एका मिनिटाने आणि तिसऱ्या मिनिटाला पुन्हा मोजा. शेजारी कुणीतरी आधाराला असू द्या. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला, तर उभे राहताना मेंदूला रक्त कमी पडते आहे असे समजावे. टॅमसुलोसिनने असे होऊ शकते, फ्युरोसेमाइडने होऊ शकते, रक्तदाबाच्या दोन्ही गोळ्यांनी होऊ शकते, आणि जुन्या मधुमेहात नसांवर परिणाम होऊनही होऊ शकते. या तीन आकड्यांची चिठ्ठी डॉक्टरांच्या हातात दिलीत, तर 'त्यांना चक्कर येते' या वाक्यापेक्षा तिचा कितीतरी जास्त उपयोग होईल.

आता तुमच्या तारखांकडे येतो, कारण मला सर्वांत महत्त्वाचे तिथेच दिसले. तुमच्या नोंदीप्रमाणे अॅसिक्लोफेनॅक साधारण दीड वर्षापूर्वी सुरू झाले. त्यानंतर दोन महिन्यांनी रक्तदाब वाढलेला आढळला म्हणून अॅम्लोडिपिन ५ मिलिग्रॅमवरून १० वर नेले गेले. पुढच्या तीन महिन्यांत पायांवर सूज आली म्हणून फ्युरोसेमाइड सुरू झाले. मग रात्री चार-चार वेळा लघवीला उठावे लागू लागले, झोपमोड होऊ लागली आणि क्लोनाझेपाम आले. शेवटी ते पडले. हे पाच प्रसंग पाच वेगवेगळ्या दिवशी घडले, म्हणून ती पाच वेगळी दुखणी वाटली. पण एकाखाली एक लिहून पाहिली की ती एकच साखळी असण्याची दाट शक्यता दिसते.

अॅसिक्लोफेनॅकच्या गटातली वेदनाशामके मूत्रपिंडात मीठ आणि पाणी धरून ठेवतात. त्याने रक्तदाब काही अंकांनी वाढू शकतो आणि रक्तदाबाच्या गोळ्यांचा जोरही कमी पडतो. अॅम्लोडिपिनने घोट्यांना सूज येते हे परिचित आहे, आणि १० मिलिग्रॅमला ती ५ पेक्षा बरीच जास्त दिसते. ही सूज शरीरात पाणी जास्त झाल्यामुळे नसते. सूक्ष्म रक्तवाहिन्यांकडे रक्त नेणाऱ्या वाहिन्या रुंदावतात, पण तिथून रक्त परत नेणाऱ्या वाहिन्या त्या मानाने रुंदावत नाहीत, त्यामुळे पाणी ऊतींमध्ये झिरपते. म्हणूनच लघवीच्या गोळीने अशी सूज नीट उतरत नाही, आणि उतरवण्याच्या प्रयत्नात शरीरातले उपयोगाचे पाणी, सोडियम आणि पोटॅशियम मात्र निघून जाते. एका औषधाचा दुष्परिणाम म्हणजे नवा आजार समजून त्यावर दुसरे औषध देणे, या प्रकाराला वैद्यकात 'प्रिस्क्रायबिंग कॅस्केड' असे नावच आहे. रोशॉन आणि गुरविट्झ या डॉक्टरांनी १९९० च्या दशकात त्याचे वर्णन केले. मला त्यातली सर्वांत खंत वाटण्याजोगी गोष्ट ही, की साखळीतल्या प्रत्येक डॉक्टरने त्या-त्या दिवशी बरोबर वाटेल असेच पाऊल उचललेले असते.

अर्थात पायावरची सूज हृदय कमजोर झाल्याने किंवा मूत्रपिंडातून प्रथिने जात असल्यानेही येते, आणि तसे असेल तर लघवीची गोळी आवश्यक ठरते. तेव्हा ती बंद करण्याआधी फिजिशियननी हृदय आणि लघवी तपासून ती कारणे बाजूला काढली पाहिजेत. म्हणूनच हे घरी बसून ठरवायचे काम नाही, असे मी म्हणतो.

या साखळीला एक दुसरा, अधिक गंभीर पदरही आहे. टेल्मिसार्टनच्या गटातले औषध, लघवीची गोळी आणि अॅसिक्लोफेनॅकसारखे वेदनाशामक ही तीन एकत्र आली की मूत्रपिंडात रक्त गाळण्यासाठी लागणारा दाब तिन्ही बाजूंनी कमी होतो. एरवी निभावून जाते. पण उलट्या-जुलाब, ताप, कमी पाणी पिणे असे काही निमित्त झाले की दोन-तीन दिवसांत मूत्रपिंडाचे काम ढासळू शकते. अशा आजारपणात कोणत्या गोळ्या तात्पुरत्या थांबवायच्या आणि परत कधी सुरू करायच्या, हे आजारी पडण्याआधीच डॉक्टरांकडून लिहून घ्या. बाबांच्या यादीत टेल्मिसार्टन, फ्युरोसेमाइड, मेटफॉर्मिन आणि वेदनाशामक यांच्याबद्दल हा प्रश्न नक्की विचारा.

तुम्ही लिहिता, "क्रिएटिनिन १.२ आहे, म्हणजे किडनी नॉर्मल." इथे थोडे थांबू या. क्रिएटिनिन हा मूत्रपिंडे बाहेर टाकतात तो टाकाऊ पदार्थ, आणि ते स्नायूंमधून येते. ज्याचे स्नायू कमी त्याचे क्रिएटिनिन मुळातच कमी तयार होते, त्यामुळे मूत्रपिंडे थकलेली असली तरी आकडा शहाण्यासारखा दिसतो. मूत्रपिंडे मिनिटाला किती रक्त साफ करतात याचा अंदाज देणारे, औषधांचे डोस ठरवताना वापरले जाणारे कॉक्रॉफ्ट आणि गॉल्ट यांचे १९७६ सालचे सूत्र घेऊन मी हिशेब केला. ७० किलो वजनाच्या तिशीतल्या पुरुषाचे क्रिएटिनिन १.२ असेल तर उत्तर मिनिटाला सुमारे ८९ मिलिलिटर येते. बाबांचे वय आणि वजन घालून त्याच १.२ चे उत्तर सुमारे ३८ येते. प्रयोगशाळा आजकाल ईजीएफआर म्हणून जो आकडा देतात तो वेगळ्या सूत्राने काढलेला असतो आणि बाबांच्या बाबतीत तो बराच वरचा येईल, त्यामुळे ३८ हाच अंतिम शब्द मानून घाबरून जाऊ नका. शंका राहिली तर सिस्टॅटिन सी नावाची, स्नायूंवर फारशी अवलंबून नसलेली तपासणी करता येते. मुद्दा इतकाच, की किरकोळ अंगयष्टीच्या वृद्ध माणसाच्या अहवालावर 'नॉर्मल' छापलेले असले तरी औषधांच्या दृष्टीने ते तसे असेलच असे नाही.

याचा थेट संबंध साखरेशी आहे. ६.२ या एचबीए१सीचा तुम्हाला अभिमान वाटतो, आणि पथ्य सांभाळून आलेला असेल तर तो वाटणे स्वाभाविक आहे. पण ग्लिमेपिराइड चालू असताना ७६ व्या वर्षी ६.२ हा आकडा मला काळजीचा वाटतो. ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, मग रक्तात साखर कमी असो वा जास्त. आणि मूत्रपिंडे मंद असतील तर त्याचा परिणाम लांबतो. २००८ साली अकॉर्ड या मोठ्या अभ्यासात, जुना मधुमेह आणि हृदयविकाराचा धोका असलेल्या रुग्णांचे एचबीए१सी ६ च्या खाली आणण्याचा कसून प्रयत्न झाला. त्या गटात मृत्यू कमी होण्याऐवजी वाढले आणि तो भाग मुदतीआधी थांबवावा लागला. प्रकृती ठणठणीत असलेल्या वृद्धांसाठी ७ ते ७.५ च्या आत आणि अनेक आजार सांभाळणाऱ्यांसाठी ८ च्या आत एचबीए१सी पुरेसे धरले जाते. रात्री बाबांना घाम फुटतो का, वाईट स्वप्ने पडतात का, सकाळी डोके जड किंवा गोंधळलेले असते का, हे विचारा. चक्कर येईल तेव्हा आधी त्यांना खाली बसवा आणि ग्लुकोमीटरने साखर मोजा. ७० पेक्षा कमी आली तर लगेच साखर किंवा ग्लुकोज द्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा आणि त्याच दिवशी मधुमेहतज्ज्ञांना कळवा. मेटफॉर्मिनबद्दल मला विशेष हरकत दिसत नाही, मात्र ते अनेक वर्षे चालू असल्याने बी १२ जीवनसत्त्वाची पातळी एकदा तपासून घ्या. ती कमी असेल तर पायांना बधिरपणा येऊन तोलही जाऊ शकतो.

अॅस्पिरिनबद्दल गेल्या काही वर्षांत वैद्यकाचे मत बरेच बदलले आहे. झटका येऊन गेलेल्यांना, स्टेंट बसवलेल्यांना आणि रक्ताच्या गुठळीने पक्षाघात झालेल्यांना ते आजही हवेच, आणि अशा वाचकांनी हा परिच्छेद वाचून गोळीला हात लावू नये. पण बाबांना यातले काही झालेले नाही. २०१८ च्या अॅस्प्री अभ्यासात, हृदयविकार नसलेल्या १९,११४ लोकांपैकी निम्म्यांना रोज १०० मिलिग्रॅम अॅस्पिरिन दिले गेले. त्यातले बहुतेक जण सत्तरीपुढचे होते. आयुष्याची निरोगी वर्षे त्याने वाढली नाहीत, मोठा रक्तस्राव मात्र २.८ टक्क्यांऐवजी ३.८ टक्के लोकांना झाला. बाबांच्या बाबतीत अॅस्पिरिनच्या जोडीला अॅसिक्लोफेनॅकही आहे, म्हणजे पोटातल्या रक्तस्रावाचा धोका आणखी वाढतो. शौचाला काळसर, डांबरासारखे होऊ लागले तर वाट पाहू नका, त्याच दिवशी रुग्णालय गाठा. पुन्हा पडून डोक्याला मार लागला तर ते बरे दिसत असले तरी अॅस्पिरिन चालू आहे हे सांगून तपासून घ्या.

यातून गोळ्या कमी करण्याचा क्रमही उलगडतो. पॅन्टोप्राझोल आज त्यांना खरोखर संरक्षण देत आहे, कारण वेदनाशामक आणि अॅस्पिरिन दोन्ही चालू आहेत. म्हणून दोनपैकी एकच अॅसिडिटीची गोळी ठेवायची, पण ती सर्वांत आधी बंद करायची नाही. वेदनाशामक आणि अॅस्पिरिन गेले की तिचे कारण संपते, आणि मग ती हळूहळू उतरवता येते. एकदम थांबवली तर काही आठवडे आम्ल उसळून जळजळ होते आणि 'गोळीशिवाय चालतच नाही' असा चुकीचा निष्कर्ष निघतो.

क्लोनाझेपामबद्दल मला कळकळीने सांगायचे आहे. वृद्धांमध्ये या गटातल्या गोळ्या पडण्याशी, हाड मोडण्याशी आणि विसराळूपणाशी जोडलेल्या आहेत. वृद्धांना शक्यतो टाळावीत अशा औषधांची जी बीअर्स यादी १९९१ पासून वापरात आहे, तिच्यात हा गट आहे. पण वर्षभर रोज घेतलेली ही गोळी एका रात्रीत बंद केली तर झोप पार उडते, बेचैनी आणि थरथर येते, क्वचित फिट्सही येतात. ती दर दोन-तीन आठवड्यांनी थोडी थोडी कमी करत महिन्यांच्या अवधीत उतरवायची असते. असेच इतर वाचकांनीही लक्षात ठेवावे: मेटोप्रोलॉल किंवा अॅटेनोलॉलसारखी बीटा ब्लॉकर्स, क्लोनिडीन, काही आठवड्यांहून अधिक काळ घेतलेले प्रेडनिसोलोन, फिट्सची आणि पार्किन्सन्सची औषधे, नैराश्यावरील गोळ्या, स्टेंटनंतरचे क्लोपिडोग्रेल, रक्त पातळ करणारी औषधे, यातले काहीही स्वतःहून एका दिवसात थांबवण्याने जिवावर बेतू शकते किंवा निदान प्रकृती मोठी ढासळू शकते. तुमच्या 'निम्म्या गोळ्या महिनाभर' या बेतात नेमकी कोणती निम्मी निवडली गेली असती, या विचाराने मी अस्वस्थ झालो.

अॅटोर्व्हास्टॅटिन मधुमेही माणसाला योग्यच आहे, ते राहू द्या. टॅमसुलोसिनबद्दलचा निर्णय उभ्याने मोजलेल्या रक्तदाबावर ठरेल.

मग करायचे काय? चौघांपैकी एका डॉक्टरला पूर्ण यादीचे पालकत्व द्या. माझ्या मते ते फिजिशियन असावेत, कारण सहा औषधे त्यांचीच आहेत आणि साखळीतल्या तीन कड्याही त्यांच्याच चिठ्ठीत आहेत. नेहमीच्या तपासणीत हे घुसवू नका. फक्त औषधांच्या आढाव्यासाठी वेगळी वेळ मागा. घरातली सगळी औषधे मूळ पट्ट्यांसह एका पिशवीत घालून न्या. डोळ्यांचे थेंब, मलमे, सर्दीच्या गोळ्या, चूर्णे, जीवनसत्त्वे, कुणीतरी सुचवलेले काढे, सगळे त्यात हवे, कारण आपण ज्याला औषध मानत नाही तेच कधी कधी घोळ घालते. सोबत एका कागदावर औषधाचे मूळ नाव, डोस, कधीपासून, कुणी दिले आणि कशासाठी अशी नोंद असू द्या. 'कशासाठी' हा रकाना ज्या औषधापुढे रिकामा राहील, तिथूनच बोलणे सुरू होईल.

विचारल्याने डॉक्टरांना राग येईल ही भीती तुम्ही एकट्याच बाळगत नाही. शब्द नेमके असले की ती बरीच कमी होते. "इतकी औषधे का दिलीत?" असे विचारले तर कुणीही बचावात्मक होईल. त्याऐवजी म्हणा, "बाबा पडल्यापासून मी सगळी औषधे एका कागदावर लिहिली. गुडघ्याची गोळी सुरू झाल्यावर रक्तदाब वाढला, मग सूज आली, मग झोप गेली, असा क्रम दिसतो. यांचा एकमेकांशी संबंध असू शकेल का? आणि यातले एखादे कमी करून पाहायचे असेल तर कुठून सुरुवात करावी?" हा प्रश्न ऐकून चांगला डॉक्टर खुर्ची पुढे सरकवतो. बाकी तिघांना फिजिशियननी दोन ओळींची चिठ्ठी दिली तर उत्तमच. नाहीतर नवी यादी तुम्हीच त्यांना दाखवा.

बदल एका वेळी एकच करायचा आणि पुढच्या बदलापूर्वी दोन ते चार आठवडे थांबायचे, असा आग्रह धरा. दोन गोळ्या एकदम बदलल्या आणि काही बिघडले किंवा सुधारले, तर श्रेय कुणाला हे कळत नाही. डॉक्टरांना पटले तर बहुधा पहिली गोळी अॅसिक्लोफेनॅकची असेल, कारण ती एकदम थांबवता येते आणि साखळीचे टोक तिथेच आहे. ग्लिमेपिराइड मात्र साखर खाली येत असल्याचे दिसले तर रांगेत थांबणार नाही. गुडघ्यांसाठी अॅसिक्लोफेनॅकच्याच जातीच्या औषधाचे वरून लावायचे जेल, मोजक्या प्रमाणात पॅरासिटामॉल आणि मांडीच्या पुढच्या स्नायूंचे व्यायाम यांचा आधार घेता येतो. व्यायामाचा गुण यायला दीड-दोन महिने लागतात, हे बाबांना आधीच सांगा. मग रक्तदाब उतरतो का ते पाहून अॅम्लोडिपिन परत ५ वर, मग सूज ओसरली तर फ्युरोसेमाइडचा विचार, आणि रात्रीचे उठणे कमी झाले की झोपेच्या गोळीचा उतरता क्रम. दरम्यान फ्युरोसेमाइड संध्याकाळी दिले जात असेल तर ते सकाळी घेता येईल का, हे फोनवरही विचारता येईल. तो बदल लहान आहे, पण रात्रीच्या फेऱ्या त्यानेच निम्म्या होऊ शकतात. काही गोळ्या परत सुरू कराव्या लागतील. तो पराभव मानू नका; त्या गोळीचे कारण अजून शिल्लक आहे हे त्यातून सिद्ध झाले, एवढाच त्याचा अर्थ.

उरली ती चष्म्याची डबी. तुम्ही लिहिले आहे की बाबा हट्टी आहेत आणि फसवतात. मला तसे वाटत नाही. सातही गोळ्या पिवळट, लहान आणि एकाच प्रकारच्या आहेत असे तुम्ही कळवले आहे, आणि तुमच्या वर्णनावरून ती लघवीची गोळी दिसते. म्हणजे त्यांनी सरसकट टाळाटाळ केलेली नाही. ज्या गोळीमुळे रात्री चार वेळा अंधारात उठावे लागते, तीच गोळी त्यांनी नेमकी हेरून बाजूला ठेवली. त्यांना ओरडू नका. "ही का नको वाटते?" एवढे विचारा आणि ते बोलतील ते लिहून घ्या. ही लपवाछपवी डॉक्टरांना न सांगण्यातला धोका मात्र मोठा आहे: घेतलीच नाही त्या गोळीचा परिणाम दिसत नाही म्हणून डोस वाढतो, आणि पुढे कधी रुग्णालयात भरती झाल्यावर परिचारिका कागदावरची सगळी औषधे वेळच्या वेळी देते तेव्हा रक्तदाब धाडकन कोसळतो.

आढाव्याला जाल तेव्हा बाबांना सोबत न्या आणि पहिली पाच मिनिटे त्यांनाच बोलू द्या. तोपर्यंत अंथरुणापासून न्हाणीघरापर्यंत रात्रभर मंद दिवा चालू ठेवा आणि उठण्यापूर्वी दोन मिनिटे पलंगाच्या कडेला बसायला सांगा. आणि त्या डबीतल्या सात गोळ्या फेकू नका, पिशवीत सर्वांत वर ठेवा.